उधारीची वही

भिवंडी तालुक्यातल्या दिघाशीसारख्या गावात कुणी दुकान टाकायचं म्हटलं की जाणती माणसं भांडवलाचं विचारत नाहीत, उधारी झेपेल का ते विचारतात. उधारी नाही म्हटलं तर गिऱ्हाईक उठून अंबाडी नाक्यावर जातं. सगळ्यांना दिली तर गणपती यायच्या आत दुकान बसतं. कुणाला द्यायची, किती द्यायची, कुठवर थांबायचं आणि मागायला कुठल्या तोंडाने जायचं, हे ज्याला जमतं तोच टिकतो. समाजासाठी काहीतरी करायचं, पण देणग्यांवर न जगता धंदा म्हणून करायचं, असं हल्ली पुष्कळ तरुण म्हणतात. त्यांच्यासाठी शहरांत शिबिरं भरतात, स्पर्धा होतात, भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या चिकटवायला लावून ‘तुमची तळमळ कशात आहे’ असं विचारलं जातं. त्यापेक्षा त्यांना दिघाशीच्या दुकानदाराचा प्रश्न विचारावा असं माझं मत आहे.

सेवाभावी उद्योग आपल्याला जमेल की नाही, हे कळवळ्यावरून ठरत नाही. कळवळा बहुतेकांपाशी असतो. दुसऱ्याची अडचण पाहून ज्याच्या पोटात कालवत नाही असा माणूस विरळा. खरी परीक्षा दोन ठिकाणी होते. गरीब माणसाकडे पैसे मागताना तुमची जीभ अडखळते का? आणि ज्याच्याकडून पैसे घेतले त्याच्यापुढे हिशेबाची वही उघडी ठेवायची तुमची तयारी आहे का? पहिली गोष्ट भल्या माणसांना जमत नाही. दुसरी धंदेवाल्यांना जमत नाही. दोन्ही जमणारी माणसं थोडी असतात, म्हणूनच हे काम थोड्यांचं आहे.

आपल्याकडे सेवा म्हटली की ती फुकट आणि धंदा म्हटला की लूट, अशी मनाची वाटणी पक्की झालेली आहे. पोराने सेवा करतो म्हटलं तर आई काळजीत पडते, धंदा करतो म्हटलं तर मास्तर नाक मुरडतात. या वाटणीपायी किती चांगली कामं बुडाली असतील! आरोग्य शिबिरात चष्मे फुकट वाटले जातात, त्यातला ज्याचा नंबर चुकला तो काही बोलत नाही, चष्मा फळीवर ठेवून देतो. फुकटात मिळालेल्या वस्तूबद्दल कुरकुर करणं आपल्याकडे कृतघ्नपणा समजला जातो. तोच चष्मा पन्नास रुपयांना घेतलेला असता तर म्हातारीने दुसऱ्या दिवशी दारात येऊन तो परत तोंडावर मारला असता, आणि वाटणाऱ्याला नंबर चुकल्याचं कळलं असतं. किंमत घेतली की गिऱ्हाइकाला भांडायचा हक्क मिळतो. देणगीत तो हक्क देणारा सोडून कुणालाच नसतो.

गिरगावातल्या लोहाणा निवासमधल्या सात गुजराती बायकांनी १५ मार्च १९५९ रोजी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले, ती ‘लिज्जत’ची गोष्ट आता पाठ्यपुस्तकी झाली आहे. तिच्यातला मला महत्त्वाचा वाटणारा भाग मात्र कुणी फारसा सांगत नाही. पहिल्या दिवशी पाकिटं झाली चार. सुरुवातीला त्यांनी पापडाच्या दोन प्रती ठेवल्या होत्या, त्यातली एक स्वस्तात विकायला. समाजसेवक छगनबापा पारेख यांनी त्यांना समजावलं की एकच प्रत ठेवा, तिच्यात तडजोड नको, आणि हे काम धंद्यासारखं करा, हिशेब चोख ठेवा. देणगी घ्यायची नाही हे आधीच ठरलेलं होतं, धंदा तोट्यात गेला तरीही. मग पहिला पावसाळा आला. पापड वाळेनात, चार महिने काम बंद पडलं. पुढच्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह आणला. खाटेवर पापड, खाली स्टोव्ह, बाहेर पाऊस. ‘लिज्जत’ची सगळी थोरवी मला त्या खाटेत दिसते. देणगीदार पाठीशी असता तर चार महिन्यांची तूट त्याने भरून दिली असती आणि खाट कुणाला सुचलीच नसती.

गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांचंही असंच. गिरणी कामगारांचे डबे करणाऱ्या या बायका किराण्यासाठी सावकाराच्या दारात असायच्या. गोवा मुक्तिसंग्रामात आणि पुढे कामगार चळवळीत उतरलेल्या प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये त्यांना एकत्र केलं, त्यातून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं राहिलं. प्रेमाताईंनी या बायकांसाठी मदतफेरी काढली नाही. राष्ट्रीयीकृत बँकेच्या दारात नेऊन पहिल्या चौदा जणींना कर्ज मिळवून दिलं. कर्ज, म्हणजे परत करायचं. दया दाखवण्यापेक्षा परतफेडीचा भरवसा दाखवणं हा मोठा मान आहे, हे त्यांना कामगार चळवळीने शिकवलं असावं.

आता पैसे मागायचं धैर्य अंगी असलं तरी तेवढ्याने भागत नाही. भिवंडी तालुक्यात ते धैर्य कुणाकडे सर्वांत जास्त आहे? वीटभट्टीच्या शेठकडे. शेठची गोष्ट सेवेच्या पुस्तकांत येत नाही, पण आल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही.

पावसाळ्यात कातकरी पाड्यावर चूल थंड असते. भाताची लावणी संपली की मजुरी संपते. घरात आजारपण येतं, लग्न निघतं. तेव्हा कागदपत्रं न मागता, जामीन न मागता, रात्री-अपरात्री पैसे देणारा माणूस एकच, शेठ. तो बयाणा, म्हणजे आगाऊ उचल देतो. दिवाळी झाली की जोडपं पोराबाळांसकट भट्टीवर जातं, कच्च्या विटा रचून केलेल्या भोंग्यात राहतं. पहाटेच्या आधी उठून चिखल करायचा, विटा पाडायच्या, मजुरी हजार विटांमागे. आठवड्याच्या बाजाराला शेठ खर्ची देतो, त्यात तेल-मीठ-तांदूळ भागवायचे. पोर तापाने फणफणलं तर शेठचीच गाडी त्याला दवाखान्यात नेते. पाऊस तोंडावर आला की हिशेब होतो. बयाणा, खर्ची, दवाखाना वजा जाता कित्येक जोड्यांच्या अंगावर काही ना काही बाकी उरतेच, आणि ती फेडायला पुढच्या दिवाळीनंतर त्याच भट्टीवर यावं लागतं.

गरिबाच्या बाजूने पाहिलं तर शेठ कर्ज देतो, काम देतो, घर देतो, अडीनडीला धावतो. सेवाभावी उद्योगाच्या व्याख्येत आणखी काय असतं? फरक एवढाच, की वही शेठच्या कपाटात असते. तिच्यात काय लिहिलंय हे लिहिणाऱ्याला ठाऊक, अंगठा देणाऱ्याला नाही. विटा किती झाल्या, पावसात किती भिजल्या, खर्चीचे किती धरले, सगळं शेठ सांगेल ते. मायेने बोलणारा शेठही मी पाहिला आहे. त्याच्या मायेत खोट नव्हती. पण वही कधी उघडी नव्हती.

म्हणून तुमचा हेतू चांगला आहे हे मला सांगू नका. वही कुठे ठेवता ते सांगा.

भिवंडी-वसईच्या याच पट्ट्याने आणखी एक गोष्ट दाखवून दिली आहे, आणि उद्योगाच्या उत्साहात तिचा विसर पडतो. प्रत्येक दुखण्यावर धंदा हा उतारा नसतो. विवेक आणि विद्युल्लता पंडित यांनी १९७९ मध्ये विधायक संसद सुरू केली. वसई तालुक्यातल्या वेठबिगारांशी गाठ पडल्यावर १९८२ मध्ये श्रमजीवी संघटना उभी राहिली. वेठबिगार निर्मूलनाचा कायदा १९७६ चा, पण कागदावर होता. त्यांनी तो वापरायला लावला. भट्ट्यांवरच्या पोरांसाठी पुढे भोंगाशाळा निघाल्या आणि १९९९ मध्ये लंडनच्या गुलामगिरीविरोधी संस्थेचा पुरस्कार या दांपत्याला मिळाला. आता कल्पना करा, या वेठबिगारांपुढे १९८२ मध्ये एखादा सद्‍हेतूचा उद्योजक स्वस्त कंदील विकायला उभा राहिला असता! जिथे माणसाचा सौदा करायचा हक्कच हिरावलेला असतो तिथे बाजार त्याच्या कामाचा नसतो. तिथे मोर्चा, तहसीलदार आणि कोर्ट लागतं. ज्याला मोर्चात जायची लाज वाटते म्हणून तो सेवेचा धंदा निवडतो, त्याने आपलं कारण एकदा तपासावं. आणि ज्याला सगळीकडे मोर्चाच दिसतो, त्यालाही हे काम मानवणार नाही, कारण धंद्यात समोरच्याशी रोज जमवून घ्यावं लागतं.

उघड्या वहीचं म्हणणं काहींना भाबडं वाटेल. बचत गट आले, त्यांच्यामागोमाग छोटी कर्जं देणाऱ्या कंपन्या आल्या. त्यांचं सगळं संगणकावर, पावती छापील, व्याजाचा दर कागदावर. तरीही २०१० मध्ये आंध्र प्रदेशात काय झालं? एकेका बाईवर तीन-तीन, चार-चार कंपन्यांची कर्जं चढली. वसुलीचा जाच एवढा वाढला की आत्महत्यांच्या बातम्या येऊ लागल्या. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये यातल्या सर्वांत मोठ्या कंपनीचे शेअर बाजारात आले होते आणि ऑक्टोबरमध्ये सरकारला वसुलीवर अंकुश आणणारा वटहुकूम काढावा लागला. गरिबी हटवण्याच्या नावानेच हे सगळं चाललं होतं. वही छापील होती, पण ती गुंतवणूकदाराला कळेल अशी. हप्ता भरणाऱ्या बाईला तिच्यातलं काय कळत होतं? सहकारात तर वही सभासदांची असते, वार्षिक सभेत वाचली जाते. तरी २०१० मध्येच आपल्या शेजारच्या रायगडात पेण अर्बन बँक बुडाली आणि तपासात बोगस कर्जखाती निघाली. वाचून दाखवणं आणि उघडी ठेवणं यांत अंतर आहे. चहा-फरसाणाच्या आधी घाईघाईत वाचलेला अहवाल हा झाकलेल्या वहीचाच एक प्रकार झाला.

मग खरोखर उघडी वही म्हणजे काय? म्हसवडला जे घडलं ते मला याचं चांगलं उदाहरण वाटतं. साताऱ्याच्या माण तालुक्यात, दुष्काळी मुलखात, चेतना गाला सिन्हा यांनी बायकांची बँक काढायचं ठरवलं, कारण रस्त्यावर लोहारकाम करणाऱ्या एका बाईचं रोजच्या बचतीचं खातं कुठलीच बँक उघडेना. तिला पावसाळ्यापूर्वी झोपडीवर टाकायला ताडपत्री घ्यायची होती, एवढीच तिची गरज. १९९६ मध्ये रिझर्व्ह बँकेने परवाना नाकारला, प्रवर्तक बायका अंगठा उठवणाऱ्या आहेत म्हणून. बायका साक्षरतेच्या वर्गाला बसल्या आणि काही महिन्यांनी पुन्हा अधिकाऱ्यांपुढे उभ्या राहिल्या. म्हणाल्या, मुद्दल सांगा आणि व्याज विचारा. तुम्ही कॅल्क्युलेटरवर काढा, आम्ही तोंडी काढतो. १९९७ मध्ये माणदेशी महिला बँक सुरू झाली.

पण मला यानंतरचा प्रसंग जास्त बोलका वाटतो. बँकेने बायकांना कार्ड आणि पिन द्यायचं योजलं, तेव्हा एका बाईने पिन साफ नाकारला. पिन कुणीही चोरेल, म्हणाली, माझा अंगठा कोण चोरणार? ज्या अंगठ्यापायी परवाना नाकारला गेला होता, तोच तिने चांगलं कुलूप म्हणून पुढे केला. आणि बँकेने ऐकलं. सुशिक्षितांना हे किती जड जातं, याचा अंदाज ज्यांनी गावात काम केलं आहे त्यांना येईल. आपण आखलेली योजना पुरी तयार असते, पैसे खर्च झालेले असतात, आणि चौथी शिकलेली बाई म्हणते, हे आम्हाला नको. अशा वेळी तुमच्या मनात पहिला विचार ‘हिला कळत नाही’ असा येत असेल, तर तुम्ही सल्लागार व्हा, प्राध्यापक व्हा. इथे तुमचं जमणार नाही. वही उघडी ठेवणं म्हणजे आकडे दाखवणं इतकंच नसतं. ज्याच्यासाठी धंदा आहे त्याने चूक दाखवली की बेत बदलायचा, हे त्यात येतं.

टिकण्याबद्दलही बोललं पाहिजे, कारण बरेचजण इथेच गळतात. डॉ. श्रीनाथ कलबाग अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाची डॉक्टरेट घेतलेले, हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागात मोठ्या हुद्द्यावर. पन्नाशी ओलांडल्यावर, १९८३ मध्ये, ते शिरूर तालुक्यातल्या पाबळला गेले आणि विज्ञान आश्रम काढला. शाळेत नापास झालेली पोरं तिथे वेल्डिंग, सुतारकाम, कोंबडीपालन, पाण्याचा शोध अशी कामं शिकत, आणि शिकता शिकता गावाला सेवा देऊन तिचे पैसे घेत. गावाने पैसे मोजले तर शिक्षण खरं, असा त्यामागचा रोकडा न्याय होता. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर पाबळच्या धर्तीची घुमटाकार घरं तिकडे उभी राहिली. कलबाग २००३ मध्ये गेले, तोवर वीस वर्षं पाबळलाच होते. उद्योजक म्हणजे पंचविशीतला, टी-शर्ट घातलेला, ही समजूत त्यांनी केव्हाच मोडीत काढली होती. घरचा खर्च भागलेला, कौतुकाची हौस फिटलेली आणि हाताला एक कसब असलेला पन्नाशीचा माणूस या कामाला जास्त लायक असू शकतो. आमच्याकडे एसटीतून, पोस्टातून, झेडपीच्या शाळेतून निवृत्त झालेली अशी माणसं पारावर बसलेली असतात, त्यांना कुणी विचारत नाही.

पंचविशीतल्या मुलाची अडचण वेगळी. दिघाशीच्या परिसरात आज त्याच्यापुढे पर्याय दिसतात ते असे: गोदामात बारा तासांची पाळी, जमीन विकून आलेल्या पैशात गाडी, नाहीतर जमिनीची दलाली. जकात चुकवायला मुंबईच्या हद्दीबाहेर आलेल्या गोदामांनी भिवंडीचा कायापालट केला. जकात गेली, जीएसटी आला, गोदामं मात्र वाढतच राहिली. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा आमच्याच तालुक्यातल्या आमणेपर्यंत खुला झाला आणि भातखाचरांचे भाव पुन्हा चढले. या धामधुमीत कुणी पोरगा म्हणाला की मी वाडा तालुक्यातला खरा कोलम तांदूळ घरोघर पोचवतो, शेतकऱ्याला चार पैसे जास्त देतो, तर त्याला वेडा म्हणतील. वाडा कोलमला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्या नावाने दुकानांत भलताच तांदूळ सर्रास विकला जातो. म्हणजे इथे खरेपणालाच गिऱ्हाईक आहे. फक्त तो पोरगा ज्या शेतकऱ्यांकडून भात घेईल, त्यांना शहरातला विक्रीचा भाव सांगेल का? सांगितला तर पुढच्या वर्षी ते जास्त मागतील. लपवला तर तो दुसरा व्यापारी झाला. धंद्याची सगळी नीती त्या एका आकड्यापाशी येऊन थांबते, आणि शिबिरात हा प्रश्न कुणी काढत नाही.

शहापूर तालुका आमच्या शेजारचा. तिथल्या आदिवासी एकात्मिक सामाजिक संस्थेच्या कातकरी तरुणांनी सरकारच्या वनधन योजनेतून गुळवेलीचा धंदा उभा केला. करोनाच्या काळात मोठमोठ्या आयुर्वेदिक कंपन्यांकडून त्यांना दीड कोटीच्या आसपासची मागणी आली. वेल कुठे चढते, कधी तोडायची, किती ठेवायची म्हणजे पुन्हा फुटेल, हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं. बाहेरून आलेल्या समाजसेवकाने हाच धंदा काढला असता तर कातकरी त्यात रोजंदारीवर राहिले असते. त्यामुळे ‘मी लायक आहे का’ या प्रश्नाच्या आधी एक प्रश्न येतो: हे काम करायला माझ्यापेक्षा जवळचा कुणी आहे का? असेल तर तुमची जागा मालकाची नाही. त्याचा जमाखर्च लिहून द्या, परवान्याच्या कागदांमागे धावा, ट्रक भरायला हात लावा. नावाच्या पाटीशिवाय हे करायला जो तयार होतो, त्याच्याबद्दल मला आशा वाटते.

घरची परिस्थिती नाजूक असेल तर हा सगळा विचार दोन-चार वर्षं पुढे ढकलण्यात काही वावगं नाही. आईच्या औषधाचे पैसे थकवून कुणाचं भलं करू नये. नोकरी करावी, पगारातून चांगल्या कामाला पैसे द्यावेत, बचत गटाच्या बायकांचा हिशेब रविवारी लिहून द्यावा. यात कमीपणा नाही. जीव ओतून केलेल्या पण बुडालेल्या उद्योगापेक्षा गावाला याचा उपयोग अधिक होतो.

आणि ज्याला करून पाहायचंच आहे, त्याने राजीनामा देण्याआधी एक मोसम काढावा. एकच वस्तू घ्यावी, भात, गूळ, चष्मा, शिकवणी, काहीही. वीस घरांत ती किमतीला विकावी, उधारी द्यावी आणि स्वतः जाऊन मागावी. मोसम संपला की घेतलं किती, दिलं किती, आपल्याला उरलं किती, हे मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून त्याच वीस घरांपुढे ठेवावं. नफा झाला असेल तर तो का घेतला ते सांगावं, आणि पुढच्या वर्षीचा भाव त्यांच्यासमोर बसून ठरवावा. ती बैठक संपल्यावर घरी येताना पुन्हा जावंसं वाटलं, तर राजीनामा द्यायला हरकत नाही.